बावीस डोकी आणि एक छत्री

बेटावर सहली घेऊन जाणाऱ्या त्या गाइडचं खरं नाव धक्क्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला मोजणीमास्तर म्हणत. बोट सुटताना मोजणी, बेटावर उतरताना मोजणी, कासवांपाशी, माकडांपाशी, परत चढताना पुन्हा मोजणी. घरी जेवायला बसल्यावरही मास्तर ताटं मोजतो अशी वदंता होती, आणि घरात माणसं तर दोनच.

या वेडाला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ बेटावरच राहून गेले. झाडाखाली डुलकी लागली होती बिचाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी सापडले ते तापाने फणफणलेले. ते वाचले, पण तेव्हापासून मास्तर डोकी मोजत सुटला.

त्या दिवशी यादीत बावीस नावं होती. शिवाय मास्तरची बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी तिने बेट पाहिलं नव्हतं. "रोज ज्याचं कौतुक सांगता त्या कासवाला एकदा बघू तरी द्या," म्हणून महिनाभर ती मागे लागली होती.

"मास्तर, वहिनींचं नाव घालू का यादीत?" बोटवाल्याने विचारलं.

"घरचं माणूस. तिला काय लिहायचं!" मास्तर म्हणाला आणि बावीस मोजायला लागला.

बोटवाल्याने निघतानाच बजावलं होतं की तीनच्या आत परत फिरायचं. ओहोटी लागली की बोट बेटाच्या धक्क्याला टेकत नाही. झालं, मास्तर सकाळपासून घड्याळाकडेच बघत होता.

बेटावरचं थोरलं कासव शंभरी केव्हाच ओलांडून बसलेलं. त्याला सगळे आजोबा म्हणत. "मागून जाऊ नका, समोरून या, त्याला तुम्ही दिसले पाहिजेत," मास्तर लोकांना सांगत होता. बायको कुंपणापाशी बसली. कासवाने मान लांब करून तिच्या हातातलं पान ओढलं, तशी ती लहान मुलीसारखी हसली. "अहो, हा झोपतो कुठे?"

"सतरा, अठरा... थांब गं जरा!" आकडा चुकला. मास्तरने पुन्हा एकपासून सुरुवात केली. तिने परत काही विचारलं नाही.

पुढे वस्तीवर बायका काथ्याचा दोर वळून दाखवत होत्या. एका म्हातारीने मास्तरच्या बायकोच्या हातात काथ्या दिला. तिने पहिल्याच झटक्यात असा पीळ घातला की वस्तीतल्या बायकांनी वाहवा केली. मास्तरने ते पाहिलं नाही. तो एका काकांना शौचालयाच्या दारातून मोजत होता.

परतीच्या वाटेवर माकडांनी घात केला. एकाने कुणाची तरी टोपी पळवली, चार जण तिच्यामागे धावले, बाकीचे हसत पांगले. कासवांच्या कुंपणापाशी सगळ्यांना गोळा करून मास्तरने मोजलं. एकवीस! कॅमेरावाले टकलू साहेब दिसत नव्हते. अडीच वाजून गेले होते.

"तुम्ही सगळे बोटीकडे चला," तो लोकांवर ओरडला. बायकोच्या हातात आपली छत्री कोंबत म्हणाला, "ही धर. इथेच बस, साहेब आले तर थांबवून ठेव. मी येईपर्यंत हलू नकोस." आणि पळत सुटला.

टकलू साहेब पार पलीकडच्या किनाऱ्यावर गुडघाभर चिखलात उभे राहून खेकड्यांचे फोटो काढत होते. मास्तरने त्यांचं मनगट जे धरलं ते जवळच्या वाटेने थेट धक्क्यावर आणूनच सोडलं. बोटवाला भोंगा वाजवत होता. मास्तरने मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. बावीसच.

"सोड बोट!"

आता कुठे त्याच्या जिवात जीव आला. चक्क एक विनोदही केला त्याने, लोक हसलेही. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्याने बाकाखाली हात घातला. "माझी छत्री कुठाय?"

"मघाशी त्या बाईंकडे दिलीत की तुम्ही," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मास्तर ताडकन उठला. "बोट फिरव."

"किती कमी आहेत?" बोटवाल्याने विचारलं.

"कुणी कमी नाही. बावीस आहेत."

बोटवाल्याने एकदा बाकांवरून नजर फिरवली आणि निमूट बोट वळवली. कुणीतरी पुढच्या गाडीची वेळ सांगून कुरकुरलं. मास्तरला ऐकूच आलं नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. ती शोधत खाली आली असेल तर? घसरली असेल तर? तिला पोहता येत नाही.

पाणी उतरलं होतं. बोट पन्नास पावलांवर थांबली, तसा मास्तरने कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली.

ती कुंपणापाशी त्याच दगडावर बसली होती. अर्धी छत्री तिच्या डोक्यावर, अर्धी कासवावर. ओठ सुकले होते.

"उठायचं नाही का? हाक तरी मारायची!" मास्तर तिच्यावरच खेकसला.

"तुम्हीच म्हणालात ना, हलू नकोस." तिने सावकाश छत्री मिटली. "बोटीचा आवाज आला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. तुम्ही कुणाला मागे ठेवत नाही, असं सकाळी सगळे सांगत होते."

मास्तरने तिच्या हातातली छत्री घेतली. पाण्यातून त्याने तिला हात धरून नेलं, बोटवाल्याने वर ओढून घेतलं. ती ओल्या लुगड्याने पुढच्या बाकावर बसली आणि समुद्राकडे बघत राहिली. बोटवाला मोजणीसाठी थांबला होता, नेहमीसारखा.

मास्तर तिच्यासमोर उभा राहिला.

"एक," तो म्हणाला, आणि पुढचा आकडा त्याला काही केल्या आठवेना.