ठमाबाई अंथरुणातून उठली

चामटोलीची ठमाबाई आमच्या शिरगावात भाजी विकायला यायची. विकायला कसली, उपकार करायला यायची. पाटीतली तोंडली कुणी निवडू लागलं की हात बाजूला सारायची आणि सांगायची, निवडायची हौस असेल तर बाजारात जा. माझं तिच्याशी रोज वाजायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिली हाक मलाच असायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही अशी बाई. तिचा एकुलता एक मुलगा हरिचंद्र नाशिकच्या तुरुंगात जन्मठेप भोगतोय हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही तिच्या सुनेकडून, विठाकडून.

गावात होळी पेटवायचा मान कुणाचा, यावरून दोन घरांत जुंपली होती. हरिचंद्र प्यायलेला. होळीसाठी आणलेलं लाकूड त्याने समोरच्याच्या डोक्यात घातलं आणि तो माणूस जागच्या जागी गेला. ठमाबाईने मुलाची बाजू कधीच घेतली नाही. म्हणायची, त्या घरातल्या बाईचं कुंकू माझ्या पोरानं पुसलं, मी कुठल्या तोंडानं रडू? वर्षातून एकदा मुलाखतीला जायची आणि जाळीपलीकडच्या हरीला गावात सगळं कसं झकास चाललंय ते सांगून यायची. म्हैस मेली, पडवीचं छप्पर बसलं, यातलं त्याच्या कानावर काही गेलं नाही. आतल्या माणसाला करता तर काही येत नाही, मग त्याला कशाला जाळायचं, असं तिचं म्हणणं.

एक्क्याण्णव साली तिचं येणं थांबलं. मी चामटोलीला गेले तर ठमाबाई अंथरुणाला खिळलेली, अंगाचं चिपाड झालेलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी विठाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच ठेवा. ठमाबाईला न सांगताही ते कळलं होतं. तिने माझा हात धरला.

"बाई, येकदा माज्या हरीला दारात उबा करा. मंग मी जाते."

मी कंबर कसली. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे तोलानी वकील होते. खाली पत्र्याची ठोकाठोक, वर त्यांचं ऑफिस. त्यांनी समजावलं की आई गंभीर आजारी असेल तर कैद्याला पॅरोलवर घरी येता येतं, ते नियमातच आहे. मात्र डॉक्टरचा दाखला लागतो, आणि पोलीस घरी येऊन आजार खरा की खोटा ते बघून जातात. त्यांच्या अहवालावर बहुतेक सगळं ठरतं. मी निघाले तेव्हा म्हणाले, "माई को बोलना, पुलिस आये तो सिर्फ लेटे रहने का. बाकी मैं देखता हूँ."

मी ठमाबाईला हे पुन्हापुन्हा सांगितलं. पोलीस आला की उठायचं नाही, दुखतंय ते दुखतंय म्हणायचं. तिने मान हलवली. भाजीच्या भावातही ती अशीच मान हलवायची आणि शेवटी करायची स्वतःचंच.

हवालदार आला तेव्हा विठा पाण्याला गेली होती. हंडा घेऊन परतली तर ओटा झाडलेला, हवालदार बाजेवर बसलेला आणि ठमाबाई सणाचं लुगडं नेसून चुलीपुढे चहा करतेय. महिनाभर जी कुशीवर वळली नव्हती, ती बाई. विठा म्हणाली, आत्या, पडा हो. तर सासूने डोळे वटारले आणि सुनेला पाहुण्यासमोर नीट वागायला सांगितलं. हवालदार बिचारा भला माणूस. त्याने विचारलं, आजी, तब्येत काय म्हणते?

"मला काय धाड भरली? हरीला सांगा, आय ठनठनीत हाय. कालजी नको करू म्हनावं."

बाहेर येऊन विठाने हात जोडले, डॉक्टरचा दाखला पुढे केला. तो म्हणाला, बाई, असे दाखले आम्ही रोज बघतो, मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. त्याची सायकल वळणाआड गेली आणि ठमाबाई चुलीपाशीच कलंडली.

संध्याकाळी मी पोचले आणि मरणाच्या दारातल्या बाईवर ओरडले. ताकाला जाऊन भांडं लपवलंस, म्हटलं. तिचा आवाज जेमतेम निघत होता.

"त्यो सरकारचा मानूस. जाऊन हरीला सांगनारच ना? आय मरते असं आयकलं अस्तं तर पोरानं आत डोकं आपटून घेतलं अस्तं."

खाकी कपड्यातली सगळी माणसं तिला एकाच घरातली वाटत होती. हा हवालदार तुरुंगात जात नाही, फक्त त्याचा कागद वर जातो, हे तिला आता सांगून काय उपयोग होता? मी तिचे पाय चेपत बसले. मला रडू आवरेना.

अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं की कैद्याची आई हिंडती-फिरती असून घरकाम स्वतः करते. तोलानींनी दुसरा अर्ज टाकला, तो कचेऱ्यांतून फिरत राहिला. पितृपक्षात ठमाबाई गेली. शेवटी शेवटी दारात कुणाची सावली पडली तरी मान वळवायची. अग्नी पुतण्याने दिला. तोलानी म्हणाले, आता मयतीच्या कारणावर पॅरोल लवकर मिळेल. ते सरळ मनाने म्हणाले, पण मला त्या कायद्याची किळस आली. माणूस गेल्यावर सुचणारी अशी बुद्धी कुठल्या कामाची?

विठाला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी तिच्याबरोबर नाशिकला गेले. तुरुंगात तार केली होती, ती हरिचंद्रला मिळाली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मिळाली नव्हती. तो जाळीपाशी आला तो हसतच. म्हणाला, पॅरोल गेला तर जाऊ दे, साहेबांनी कागद वाचून दाखवला, आई घरकाम करते; आजारपणाचा अर्ज झाल्यापासून घास उतरत नव्हता, त्या दिवशी पोटभर जेवलो.

विठाने पदर तोंडात धरला आणि कसंबसं सांगितलं. तो आणखी पुढे सरकला.

"मंग साहेबाला खोटं कोनी सांगितलं?"

विठाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हवालदारानं."

"नाव काय त्याचं?"

त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली होती. त्याचा चेहरा पाहून मी घाबरले. विठाही घाबरली, पण तिच्याच्याने पुढे बोलवेना. ते माझ्यावर आलं.

"हरिचंद्र, तुझ्या आईनंच सांगितलं. तू आत काळजी करशील म्हणून."

त्याच्या हातांतली जाळी सुटली. तो तिथेच खाली बसला. मुलाखत संपल्याची हाक झाली, बाकीचे कैदी उठून गेले. शिपायाने त्याला दोनदा ऊठ म्हटलं, पण तो उठला नाही. शेवटी दोघांनी काखेत धरून त्याला आत नेलं.