लांडग्याचा वाटा
माळ्यावर खिळ्यांचा पट्टा सापडला, गंजलेला, पण मेंढरांचा वास अजून धरून असलेला. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून मामा तो कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे. धारूरच्या डोंगरात एका दुपारी लांडग्यानं आमचं कोकरू उचललं. मी दगड घेऊन धावलो, तर मामांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्याचा वाटा हाय त्यो." मामी मात्र लई रडली, ते कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पुढं डोंगर फोडून रुंद रस्ता झाला. पलीकडचे लांडगे पलीकडंच राहिले, अलीकडचे गाड्यांखाली संपले. आता लांडग्यांचा धाक उरला नाही, नीलगायींचे कळप उभी ज्वारी फस्त करतात. परवा त्यांना हाकलून दमलेली मामी डोंगराकडं बघत म्हणाली, "अजून एक कोकरू दिलं असतं की रे त्याला."