यात साखर नसते

हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. दादाला जाऊन वर्ष होत आलं, तरी नाही. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या ओसरीवर कधी येऊन बसणार नाही — हाही एक भित्रेपणाच, नाही का?

दादा माझा थोरला भाऊ. केरीच्या डोंगरउतारावर आमची काजूची बाग आहे, ती त्याने सांभाळली. मी पणजीला ग्रंथपाल होतो, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर घरी परतलो. दादा अबोल. पण संध्याकाळी दारूचा एक ग्लास पोटात गेला की बोलायचा — वडिलांविषयी, तेरेखोलच्या खाडीत आम्ही पोहायचो त्याविषयी, मला न आठवणाऱ्या आईविषयी. ते ऐकायला मी दिवसभर थांबत असे. मीही थोडी घ्यायचो, सोबतीला.

त्याला मधुमेह होता. तरी पिणं चाललं, कारण गावात सगळे म्हणतात तेच आम्हीही धरून चाललो — भट्टीत उकळून निघालेल्या हुर्राकात, काजूच्या बोंडांच्या त्या दारूत, साखर राहते कुठे? शिवाय प्यायल्याच्या दुसऱ्या सकाळी बोटाच्या थेंबातली साखर कमीच भरायची. दादा साखर मोजायचं यंत्र वहिनीपुढे धरून हसायचा. दारूने साखर अशी फसवी उतरते, गोळ्या चालू असताना तर ते धोक्याचंच, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं — आणि बोललो नाही.

मग त्याला डोळ्यांपुढे जाळी दिसू लागली. पणजीच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपताहेत, म्हणाले, साखर आणि रक्तदाब दोन्ही ताब्यात हवेत. हे पितात का? दादाने माझ्याकडे बघितलं. शिकलेला मी. मी म्हणालो, नाही.

एवढंच असतं तर कदाचित केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

परतीच्या बसमध्ये दादा म्हणाला, "खोटा कित्याक सांगलंस? मी सोडतंय आता."

आणि खरंच सोडली. लेझरचे उपचार सुरू झाले. काजूचा हंगाम आला. आमच्याकडे भट्टीवाला पहिल्या हुर्राकाची बाटली बागेच्या मालकाच्या घरी आणून देतो, तशी त्याने आणली. वहिनीने ती दारातूनच परत पाठवली. दादा काही बोलला नाही. त्या संध्याकाळी नाही, नंतरच्याही नाही. ओसरीवर बसायचा, अंधार पडला की उठून जेवायला जायचा.

ती शांतता मला सोसवेना. हे कारण म्हणून सांगत नाही — घडलं ते असं. वहिनी डिचोलीला माहेरी गेली होती. मी भट्टीवर गेलो, परत गेलेली ती बाटली मागून आणली आणि दोन ग्लास मांडले. दादाने मागितली नव्हती. बराच वेळ त्याने हातही लावला नाही. मग म्हणाला, "ह्येच्यात साखर नाय मरे?"

"नसते," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी तो खूप बोलला. पुढच्याही.

नंतर डोळ्यांत रक्त उतरलं. उजवा गेला, मग डावाही. दारूने गेले की वर्षानुवर्षांच्या साखरेने? ते कुणी ठामपणे सांगू शकणार नाही — पण त्या शंकेमागे मला लपायचं नाही. तो थांबला होता. मी त्याला थांबू दिलं नाही.

वहिनी शेवटपर्यंत त्यालाच बोलत राहिली. सोडलेली परत धरलीत, जिभेपायी डोळे घालवलेत. आणि मी सकाळी त्याला पेपर वाचून दाखवत असलो की चहा ठेवता ठेवता म्हणायची, "भावजी, तुमी आसात म्हणान ह्यांका पेपर तरी कळता."

दादा माझ्या दिशेने मान वळवायचा. माझं नाव त्याने कधीच घेतलं नाही. मी पान उलटायचो आणि पुढची बातमी वाचायला लागायचो.