ट्रंकेवरचा ज्ञ

नाव दुरुस्त झाल्याचा फोन आला तेव्हा ह्यांचा तेरावा होऊन गेला होता. नांदेडच्या कचेरीतून कुणी पोरगी बोलत होती, आवाज गोड होता. "मावशी, काम झालं तुमचं. आता पेशंटला घेऊन लातूरच्या दवाखान्यात जा, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देतील." मी नुसतं "बरं, बाई" म्हणाले. पेशंट आता नाही, हे न सांगताच फोन ठेवला.

माझे मालक मुदखेडकडचे. कोवळ्या वयात फौजेत गेले, हवालदार होऊन परतले आणि माझ्या माहेराजवळ, चाकूरला घर बांधून राहिले. नाव ज्ञानोबा. हे नाव मी तोंडानं घेतलं होतं ते फक्त लग्नातल्या उखाण्यात, तेही पुटपुटत. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मी तर तशीही कमी बोलणारी. बाजारात, कंडक्टरशी, पाहुण्यांत बोलायचं काम ह्यांचं. आवाज असा, की हवालदार घरी आले हे गल्लीच्या टोकाला कळायचं. फौजेत उत्तरेकडचे लोक त्यांना ग्यानोबा म्हणायचे, दोस्त नुसतं ग्यानी. "तिकडं मी ग्यानी, अन् घरी तुझ्यापुढं अज्ञानी," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मग घशात गाठ आली. लातूरला माजी सैनिकांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाले, वेळ घालवू नका, मोठ्या इस्पितळात ऑपरेशन लागेल. त्यासाठी दवाखान्याची चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठीच्या खिडकीवर बाबूनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. फौजेच्या कागदावर इंग्रजीतलं नाव 'जी'नं सुरू होत होतं, आधार कार्डावर 'डी'नं. ह्यांचा आवाज तोवर पार बसला होता, म्हणून मलाच पुढं व्हावं लागलं.

"मावशी, ही दोन माणसं हायत."

"न्हाई ओ, एकच हायत. हे काय, उभे हायत की!"

"उभे असतील. कागदावर दोन हायत. पेशंटचं नाव सांगा बरं तुमीच."

मागं सगळी रांग ऐकत होती. पदर तोंडाशी धरून मी म्हणाले, "ज्ञानोबा."

"जोरात सांगा."

मी जोरात सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली, नव्या नवरदेवासारखी.

"मग हे ग्यानोबा कोण?"

"तेबी हेच."

"बघा! तुमीच दोन नावं सांगून राहिलात."

मी चौथी शिकलेली. पण शाळेतल्या तक्त्यावरचं शेवटचं अक्षर मला अजून येतं. आपण त्याचा उच्चार एक करतो, हिंदीवाले दुसरा. लिहिताना ज्ञ एकच. इंग्रजीत लिहिलं तेव्हाच ह्यांची दोन माणसं झाली. पुढच्या खेपेला हिय्या करून हे बाबूला सांगितलं. तो वाईट नव्हता. म्हणाला, "खरं हाय मावशी, पण कॉम्प्युटरला ज्ञ येत न्हाई."

लातूरवाले म्हणाले, दवाखान्याचं कार्ड नांदेडच्या सैनिक कचेरीतून निघालं, तिकडं जा. नांदेडवाले म्हणाले, प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, मग कागद वर जाईल. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना. गळ्याला उपरणं गुंडाळून हे माझ्याबरोबर एसटीनं यायचे. कधी साहेब रजेवर, कधी वरून काही आलेलं नाही. आधी स्टँडवर आम्ही दोघं चहा प्यायचो, मग ह्यांना दूधच उतरायचं, पुढं तेही चमच्यानं. रान विकून खाजगीत जाऊ, असं मी म्हटलं तर हातानंच नको केलं. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं, "हक्क हाय माझा. फौजी रांग मोडत न्हाई." मला त्या रांगेचा राग यायचा... आणि ह्यांचाही.

पेपरात जाहिरात आली, की ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत. ह्यांनी चष्मा लावून ती परत परत वाचली आणि मला खुणेनं बोलावलं. "सरू, बघ... लोक मेल्यावर पेपरात येतात. मी आधीच आलो." आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्यांना ठसका लागला तो थांबेना. त्यानंतर ह्यांचं हसू मी बघितलं नाही. काही दिवसांत पाणीही गिळेना, आणि एका सकाळी घरातच गेले. मरणाचा दाखला मात्र लगेच मिळाला. तिथं जी की डी, कुणी विचारलं नाही.

ह्यांची फौजेतली काळी ट्रंक अजून खाटेखाली आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात आपल्याच लिपीत नाव आहे. काडीला कापूस गुंडाळून हे ते दर दसऱ्याला नव्यानं गिरवायचे. तिकडच्या कुणी वाचलं तर ग्यानोबा, आपल्या माणसानं वाचलं तर ज्ञानोबा. पण इतकी वर्षं त्या ट्रंकेनं कधी विचारलं नाही, की ह्यातला खरा कोण.

परवा दसरा झाला. रंगाची डबी वाळून गेली होती, रॉकेल घालून सैल केली. बाकीची अक्षरं नीट गिरवली, ज्ञचं शेपूट तेवढं जरा लांब गेलं. पुसलं नाही. रंग वाळेपर्यंत तिथंच बसले. घरात कुणी नव्हतं, तरी पदर सावरला, आणि ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं.