डब्यावर एक, पोटात दहा

सोयाबीनवर औषध किती मारायचं हे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, म्हणून माझी किडनी धोक्यात आली.

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मुरुडच्या आसपास फवारणी म्हटली की लोक मलाच विचारतात. (न विचारणाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगतो!) मला आठ वर्षांपासून शुगर. यंदा लातूरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, "बाबा, लघवीतून प्रोटीन जातंय. शुगर आवरा, नाहीतर किडनी जाईल." आमच्या हिनं तिथंच माझी बाही धरली, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

शेजारी मन्मथअप्पा, किराणावाले. मोबाइलात बघून म्हणाले, "माधवराव, शुगरनं आतून गंज चढतो. व्हिटॅमिन सी खावा, किडनी चकाचक!"

चघळायच्या आंबटगोड गोळ्यांचा डबा आणला. त्यावर लिहिलेलं, रोज एक.

"एकच खावा बरं," ही म्हणाली.

"येडी का काय? डब्यावरच्या मापानं कधी अळी मेलीय का? कंपनी भिऊन कमी लिहिती. आपण दहापट मारायचं!"

"तुमी काय सोयाबीन हाव का?"

सकाळी पाच, संध्याकाळी पाच!

महिन्यानं गावात आशाताईनं लघवीत पट्टी बुडवली. शुगर निल! मी लगेच शुगरच्या गोळ्या बंद केल्या आणि गल्लीला शिरा वाटला. अप्पा तर असे छाती काढून फिरत होते, जणू किडनी त्यांचीच. माझ्यासोबत आठ वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बायकोला मी माझ्या हातानं गोड चहा करून दिला. एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी. "लई गोड झालाय," म्हणाली, आणि कप चाटूनपुसून रिकामा केला.

आठवड्यात माझं पोट असं बिघडलं (तपशील नको, तुमची जेवायची वेळ असंल) की लातूर गाठावं लागलं. रक्तात शुगर तीनशेच्या वर!

"लघवीत निल होती!" मी आवाज चढवला.

"बाबा, व्हिटॅमिन सी जास्त झालं की लघवीची पट्टी फसते. त्यानं किडनी सुधारते याची खात्री नाही, उलट तिलाच त्रास होऊ शकतो. रोज किती खात होता?"

मी छताकडं बघितलं. ही म्हणाली, "धा."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

किडनीचा रिपोर्ट दुपारी येणार होता. आम्ही बाकड्यावर बसलो. 'माझं ऐकलं असतं तर' असं ती एकदाही म्हणाली नाही. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

"आगं, शिव्या तरी दे."

"आधी किडनी हाय का गेली ते कळू द्या. मग देते, फुरसतीनं."

किडनी शाबूत निघाली. बाईनं शब्द पाळला! मुरुड येईपर्यंत आख्खी एसटी ऐकत होती. कंडक्टरनं मला पाणी दिलं.

आता आंबट गोळ्या बंद. शुगरची गोळी ती स्वतः देती, माझी हनुवटी धरती आणि म्हणती, "आ करा. जीभ वर." गोळी कधीच पोटात गेलेली असती, पण तिनं हात काढेपर्यंत मी आ करूनच उभा राहतो. तोंड उघडं आणि आवाज बंद, हे मला जन्मात पहिल्यांदाच जमलंय!