दुरुस्त केलेला ढोल

कृष्णात कोळेकरच्या बँडमध्ये कधी भांडणं झाली नाहीत, कारण बँडमध्ये तो एकटाच होता. नाव मात्र ऐटीत ठेवलं होतं, ‘एकट्याची मंडळी’. क्लॅरिनेट तो लग्नाच्या बँडात शिकला, सतार मिरजेत सतारी बनवणाऱ्याकडे कामाला असताना, आणि की-बोर्ड मोबाइलवर बघून. एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपवर एकमेकांवर चढवायचं, हा त्याचा उद्योग. कवठे महांकाळच्या पाहुण्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. “लय भारी,” म्हणायचे आणि चहाची वाट बघायचे. लांबच्या शहरांतली चार पोरं मात्र इंटरनेटवर मन लावून ऐकायची.

एका गाण्यात त्याला ढोल हवा होता, आणि तोही वडिलांचाच. आप्पासो कोळेकर, म्हणजे घरचे तात्या. बिरोबाच्या जत्रेत त्यांच्या ढोलावर चाळीस-चाळीस गडी फेर धरायचे. आवाज घुमू नये म्हणून कृष्णातने खोलीच्या भिंतींना वाकळा टांगल्या आणि तात्यांच्या कानाला हेडफोन लावला.

“त्यात टिकटिक वाजंल, तात्या. तिच्यावर ठेका धरा.”

तात्यांनी हेडफोन काढून ठेवला. “ढोल पायाकडं बघून वाजवत्यात रं. हितं पाय कुणाचं हायत?”

मग आईला, रंगुबाईला, चुलीपुढून उठवून आणलं. जन्मात कधी ढोलापुढे नाचली नव्हती बिचारी. “म्हाताऱ्याला याड लागलंय,” म्हणत पदर तोंडाला लावून हसली आणि खोलीत गोल फिरू लागली. तात्यांची नजर तिच्या पावलांवर, हात ढोलावर. सहा मिनिटं दोघांनाही जगाचं भान नव्हतं.

ढोल कृष्णातला आवडला, पण दर फेरीला तो एका जागी रेंगाळायचा. सतार त्यावर काही केल्या बसेना. तात्यांचा हात म्हातारा झाला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मग चार दिवस खपून एकेक ठोका उचलला आणि टिकटिकीवर नेऊन ठेवला. मूळ रेकॉर्डिंग पुसलं. लॅपटॉपात जागा नव्हती, आणि चुकलेलं ठेवून करायचं काय?

तात्यांनी ते ऐकलं. “चांगलं हाय,” म्हणाले. “पर माझं न्हाई ह्ये.” कृष्णातने ते हसण्यावारी नेलं. साताऱ्याच्या एका कार्यक्रमात त्या गाण्याला भरपूर टाळ्या पडल्या, तेव्हा तर तो शेफारलाच.

फेब्रुवारीत तात्यांच्या छातीत कळ आली. मिरजेला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षश्राद्धाचं जेवण उरकून पाहुणे पांगले, तशी रंगुबाई कृष्णातच्या खोलीत आली. “त्येंचा ढोल लाव की रं.”

त्याने सतार, क्लॅरिनेट सगळं बंद करून नुसता ढोल लावला. रंगुबाई जरा वेळ ऐकत राहिली, मग पदर खोचून उभी राहिली. चार पावलं बरी पडली. वळताना तिचा उजवा गुडघा अडला. बांधावरून पडल्यापासून वळताना तो असाच अडायचा आणि सुटायला क्षणभर लागायचा. तेवढ्यात ढोल पुढे निघून गेला. तिने पुन्हा पाऊल धरलं, पुन्हा वळणावर मागे पडली.

भिंतीला हात टेकून ती म्हणाली, “हितं थांबलं हुतं त्ये. माझा पाय सुटंस्तवर. मेंढरामागं चालताना बी थांबायचं.”

कृष्णातला आता उमगलं. तात्यांचा हात कधी म्हातारा झालाच नव्हता. ते बायकोसाठी थांबत होते, आणि लेकाने ते थांबणं चूक म्हणून एकेक करून काढून टाकलं होतं.

“ह्यो न्हवं बाळा. त्या दिशीचा लाव.”

“त्यो पुसला, आये. म्याच पुसला.”

रंगुबाई गुडघा धरून खाली बसली. ढोल तिच्यावाचून फेऱ्या घेत राहिला, कुठेही न थांबता.