बाबूजींनी आखलेला बसरस्ता

आमच्या कचेरीत साहेबांच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला, तर तो साहेबांचा नसे, बाबूजींचा असे. बाबूजी म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन. अंगाने काडीसारखे, पण रागावले की फळ्यांच्या भिंतीपलीकडे अक्षर न् अक्षर ऐकू येई. नागपुरात नव्या वस्त्यांसाठी प्लॉट पाडून लेआउट निघत होते, त्यांचे नकाशे ते आखत. मी नुकती नोकरीला लागलेली ट्रेसर. ते नकाशे शाईने गिरवत असे.

नकाशात कुणी घर दाखवलं आणि तिथला माणूस कामावर कसा जाईल हे सांगता आलं नाही, की ते भडकत. "घर काहाले म्हंतेत? जिथून सकाळी निघता येते अन् संध्याकाळी परत येता येते, त्याले. बाकी गोठा!" ते स्वतः विणकराच्या घरातले. त्यांची मोठी बहीण अजून हातमागावर बसायची. सूत आणायचं, विणलेली लुगडी पोचवायची, सारं डोक्यावरून. नकाशातलं अंतर ते त्या गाठोड्याच्या वजनाने पाहत.

नंदनवन वस्तीच्या पलीकडे मोठा लेआउट निघाला. बाबूजींनी त्याच्या मधोमध बसचा रस्ता आखला. स्टॉपला लागून बाजार, शाळा, दवाखाना. भोवती लहान घरं, मोठे प्लॉट कडेला. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वाट आणि कडुनिंबाच्या रांगा. इतका देखणा नकाशा मी पुन्हा पाहिला नाही.

साहेबांनी लाल पेन्सिलने मधला रस्ताच खोडला. तिथे गॅरेजवाले मोठे प्लॉट घातले. बस राहिली उमरेड रोडवर, दीड मैल दूर.

"बाबूजी, पुढचा विचार करा. उद्या प्रत्येकाच्या दारात मोटर असेल."

"उद्या म्हंजे कवा, साहेब? तोवर लोकायनं काय उडून जावं?"

सुधारित नकाशा काढायला त्यांनी साफ नकार दिला. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर पाठवला. मी गिरवला. कोपऱ्यात माझी सहीही केली.

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी तो पाहिला. "तू काहून काढला वं?"

"नोकरी आहे, बाबूजी. घरी आई आहे."

"त्या लेआउटातबी कोणाची तरी माय राहीनच ना."

महिन्याभरात त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. धूळ, उंदीर आणि जुने कागद. पंचवीस वर्षं शहर आखणाऱ्या माणसाची ही बडदास्त!

पुढे जुन्या वस्तीतला रस्ता रुंद करायला विणकरांची घरं पाडली आणि त्यांना त्याच लेआउटमध्ये शेवटच्या टोकाला प्लॉट दिले. बाबूजींची बहीण तिथे राहायला गेली. मे महिन्यात, भर दुपारी, बसमधून उतरून सुताचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती घरी निघाली आणि अर्ध्या वाटेवर लू लागून कोसळली. सावलीला एक झाड नव्हतं. सायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्याने तिला पाहिलं, म्हणून जीव वाचला. पण ती पुन्हा मागावर बसू शकली नाही. तिच्या मुलांनी माग मोडला.

त्या आठवड्यात बाबूजी माझ्या टेबलाशी आले. ओरडले नाहीत. "वाट चांगली लांब केली तुमी. पडाले जागा भरपूर होती."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

निवृत्तीच्या दिवशी साहेब हार घेऊन उभे राहिले. बाबूजींनी हात जोडले, हार गळ्यात पडू दिला नाही आणि सायकल काढून निघून गेले.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले. लेआउटमधले लोक बस आत आणा म्हणून मोर्चा घेऊन आले होते आणि कचेरीने त्यांना उत्तर दिलं होतं, आता रस्त्याला जागा नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माफ नाही केलं मी तुले." आणि आत वळून बायकोला हाक मारली, "हिच्यासाठी चहा ठेव वं."

मी चहा प्याले. दिवाळीच्या आत ते गेले.

ओळखीचे म्हणतात, जाताना तरी म्हाताऱ्याने माफ करायचं. का करायचं? त्या उमरेड रोडवर बायका अजून ओझी घेऊन उतरतात आणि उन्हात चालू लागतात. बाबूजींनी मला माफ केलं नाही. मीही त्या साहेबांना केलेलं नाही, आणि स्वतःलाही नाही.